सोसायटीशी दर पावसाळ्यात होणारा तोच तो वाद: अडते कुठे आणि सोडवायचे कसे

नाशिकमध्ये जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत कितीतरी इमारतींमध्ये एकच प्रसंग घडतो. बेडरूमच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात आणि सदनिकाधारक सेक्रेटरींना फोन करतो. सेक्रेटरी म्हणतात की हे वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचे पाणी आहे, त्यांच्याशी बोला. वरचे म्हणतात की आमच्याकडे सगळे कोरडे आहे, टेरेस गळत असेल, कमिटीला सांगा. दोनतीन आठवडे अशी टोलवाटोलवी झाल्यावर सदनिकाधारक चिडून मेंटेनन्स देणे बंद करतो. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत त्याच्या थकबाकीचा विषय निघतो, ओलीचा निघत नाही, आवाज चढतात आणि सभा संपते. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळते, विषय मागे पडतो आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्या फोनपासून सुरुवात होते.

नाशिकमधल्या काही सोसायट्यांचे दप्तर आणि हिशेब सांभाळण्याचे काम मी करतो, त्यामुळे या भांडणाच्या दोन्ही बाजू जवळून पाहायला मिळतात. सभासद आणि कमिटी यांच्यात वर्षानुवर्षे चिघळलेले बहुतेक वाद मुळात फार मोठे नसतात. ते तोंडी चालतात, त्यांत तीनचार वेगवेगळे विषय एकत्र कालवलेले असतात आणि तक्रार अशा ठिकाणी गेलेली असते जिथे ती सोडवण्याचा अधिकारच नसतो. या तीन गोष्टी दुरुस्त केल्या तर बरेचसे वाद इमारतीच्या फाटकाच्या आतच मिटतात, आणि जे मिटत नाहीत ते निदान योग्य अधिकाऱ्यासमोर योग्य कागदांसह जातात.

आधी इमारत कायद्याने काय आहे ते पाहा

आपण सगळेच 'सोसायटी' हा शब्द सरसकट वापरतो. पण नाशिकमध्ये सहकारी गृहनिर्माण संस्थांइतक्याच सहजपणे अपार्टमेंट असोसिएशन आढळतात आणि या दोहोंना लागू होणारे कायदे वेगळे आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब या क्रमांकाखालील कलमांचे एक स्वतंत्र प्रकरण जोडले गेले आहे. अपार्टमेंटला महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० लागू होतो. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल आणि संस्थेच्या नोंदणी क्रमांकात 'एचएसजी' अशी अक्षरे असतील, तर ती सहकारी संस्था आहे. बिल्डरने घोषणापत्र म्हणजे डिक्लरेशन डीड नोंदवलेले असेल आणि तुमच्या नावावर अपार्टमेंट डीड असेल, तर ते अपार्टमेंट आहे. नावावरून ओळखायला जाऊ नका, कारण पाटीवर 'अपार्टमेंट' असलेल्या अनेक इमारती प्रत्यक्षात सहकारी संस्था म्हणून नोंदलेल्या आहेत आणि उलट प्रकारही आढळतो.

हा फरक केवळ कागदोपत्री नाही, कारण मेंटेनन्सची वाटणीच त्यामुळे बदलते. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक मालमत्तेतल्या वाट्याच्या, टक्केवारीनुसार वाटायचा असतो, म्हणजे मोठ्या सदनिकेला जास्त रक्कम येते. सहकारी संस्थेत वॉचमन, साफसफाई, जिन्यातले दिवे, कार्यालयीन खर्च असे सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सर्व सभासदांना समान लागतो, मग सदनिका एका बेडरूमची असो वा तीन बेडरूमची. 'चौरस फुटावर घ्या' आणि 'सगळ्यांना सारखे घ्या' असा वाद मी कित्येक सभांत ऐकला आहे. त्याचे उत्तर मतदानाने ठरत नाही, इमारत कोणत्या कायद्याखाली येते यावरून ते आधीच ठरलेले असते. वादाचे निवारण कुठे होणार हेसुद्धा यावरच अवलंबून आहे. अपार्टमेंटमधल्या वादाला सहकारी कायद्याचे कलम ९१, म्हणजे वाद सहकार न्यायालयात नेण्याचे कलम, लागू होत नाही. तिथे घोषणापत्र आणि त्यासोबतची उपविधी, म्हणजे कारभाराचे नियम, हा आधार असतो, आणि उपविधींचा भंग होत असेल तर असोसिएशनला किंवा बाधित सदनिकाधारकाला दिवाणी न्यायालयात दाद मागता येते.

तिसरा प्रकारही आहे. काही लहान इमारतींमध्ये नोंदणीच झालेली नसते, एखादे ज्येष्ठ गृहस्थ दरमहा पैसे गोळा करतात आणि वहीत हिशेब ठेवतात. अशा ठिकाणी भांडण कितीही खरे असले तरी कायद्याने उभी असलेली संस्था समोर नसते, म्हणून सगळ्यात आधी संस्थेची नोंदणी करून घ्यावी लागते. बिल्डर सहकार्य करत नसेल, तर सदनिकाधारकांना स्वतः सहकार खात्याकडे नोंदणीसाठी अर्ज करता येतो. यापुढे मी मुख्यतः सहकारी संस्थेबद्दल लिहीत आहे.

ओल आणि थकबाकी हे दोन वेगळे विषय आहेत

भिंत दुरुस्त होत नाही म्हणून मेंटेनन्स थांबवणे हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा उपाय आहे. त्यामागचा राग मला समजतो, कारण पैसे वेळेवर भरणाऱ्या माणसाच्या घरात बुरशीचा वास येत असेल आणि कमिटी ढुंकून पाहत नसेल, तर दुसरे कोणते हत्यार त्याच्या हाती असते? पण कायद्याच्या दृष्टीने तो थकबाकीदार ठरतो. त्याच्यावर व्याज चढते, कमिटीची निवडणूक लढवण्याची त्याची पात्रता जाते, आणि संस्थेला कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडून, म्हणजे संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडून, वसुलीचा दाखला मिळवण्याचा सरळ मार्ग खुला होतो. त्या प्रकरणात 'माझी भिंत ओली आहे' हा बचाव फारसा टिकत नाही. म्हणून बिल भरावे, आणि भरताना 'ओलीबाबतच्या तक्रारीचा हक्क राखून रक्कम भरत आहे' असे पत्र सोबत जोडावे. बिलातील एखादी बाब मान्य नसेल, तर उरलेली रक्कम भरून फक्त त्या बाबीपुरती लेखी हरकत घ्यावी. असे केल्याने समोरच्याच्या हातातले सगळ्यात सोपे उत्तर निघून जाते.

हेच कमिटीलाही लागू आहे. थकबाकीदाराचे पाणी तोडणे, त्याच्या पाहुण्यांना फाटकावर अडवणे, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकून त्याचा पाणउतारा करणे हे वसुलीचे मार्ग नव्हेत. कायद्याने वसुलीची पद्धत दिलेली असताना पाणी तोडणारी कमिटी स्वतःहूनच अडचणीत येते, आणि मग मूळ थकबाकीचा विषय बाजूला राहून तिलाच खुलासे करत बसावे लागते.

ओलीचा उगम शोधल्याशिवाय खर्चाची चर्चा करू नका

आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे संस्थांसाठी नमुना म्हणून दिलेल्या उपविधींमध्ये, दुरुस्तीच्या जबाबदारीची विभागणी बरीच स्पष्ट आहे. टेरेस, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी, पाण्याच्या टाक्या आणि पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती ही संस्थेच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. टेरेसमधून पावसाचे पाणी मुरल्याने सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचे प्लास्टर खराब झाले, तर तेही संस्थेकडेच येते. सदनिकेच्या आतल्या टॉयलेट, बाथरूम किंवा सिंकमधून होणारी गळती त्या सदनिकाधारकाने आपल्या खर्चाने थांबवायची असते. वाद नियमाबद्दल असतो असे वाटते. खरे पाहता पाणी नेमके कुठून येते हेच कोणी नीट तपासलेले नसते.

पहिला प्रश्न ऋतूचा आहे. एप्रिल-मेमध्येही डाग ओलाच राहत असेल, तर तिथे पावसाचे पाणी नाही. ते एखाद्या लाइनीचे किंवा वरच्या बाथरूमचे आहे. डाग फक्त जून ते सप्टेंबर दिसत असेल आणि तो खिडकीच्या कडेला किंवा बीम व भिंत यांच्या सांध्यावर असेल, तर बाहेरच्या प्लास्टरमधल्या भेगा पाहाव्यात. डाग डक्टच्या, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या, बाजूला असेल तर डक्टमध्ये उतरून पाइपांचे जॉइंट तपासावेत. नाशिकच्या बऱ्याच जुन्या इमारतींत डक्ट इतके अरुंद आहेत की वर्षानुवर्षे तिथे प्लंबर फिरकलेलाच नसतो.

वरच्या बाथरूमवर संशय असेल तर तपासणी अशी करता येते: नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरचे पाणी जिथून वाहून जाते त्या भांड्याचे, तोंड घट्ट बंद करावे, फरशीवर बोटभर पाणी साठवून त्यात थोडा रंग मिसळावा आणि एक पूर्ण दिवस ते तसेच ठेवावे. खाली रंगीत थेंब उतरले, तर फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. काही उतरले नाही, तर ट्रॅपचे तोंड उघडून पाणी सोडावे आणि पुन्हा पाहावे. आता ओल आली तर दोष ट्रॅपच्या जॉइंटमध्ये किंवा त्यापुढच्या पाइपात आहे. भिंतीत दडवलेल्या पाण्याच्या लाइनीसाठी प्लंबर प्रेशर लावून तपासणी करून देतो. हे सगळे वरच्या माणसाच्या संमतीनेच होऊ शकते, म्हणून विचारण्याची रीत महत्त्वाची ठरते. एका इमारतीच्या सेक्रेटरीबाईंनी वरच्या मजल्यावरच्या वयस्कर गृहस्थांना सांगितलेले वाक्य मी आता इतर कमिट्यांनाही सांगतो: "काका, तुमच्यावर कोणाचाच आरोप नाही. दोन दिवस तेवढे हे बाथरूम बंद ठेवा, म्हणजे खरे काय ते आपल्या सगळ्यांनाच कळेल." काकांनी लगेच होकार दिला, कारण त्याआधी त्यांच्याशी जो बोलला तो आवाज चढवूनच बोलला होता.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीत वरच्या आणि खालच्या दोन कुटुंबांचे बोलणे या ओलीवरून बंद झाले होते. टेरेसवर जाऊन पाहिले, तर पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाच्या तोंडावरची जाळी संक्रांतीच्या मांजाने आणि त्यात अडकलेल्या पिंपळाच्या पानांनी पार बुजलेली होती. त्यामुळे पाणी टेरेसच्या त्या कोपऱ्यात तुंबत होते, जुन्या ब्रिकबॅट कोब्याच्या, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफिंग थराच्या, भेगेतून मुरत होते आणि भिंतीतून उतरत दोन मजले खाली जाऊन दिसत होते. वरच्या कुटुंबाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. पाणी जिथे मुरते तिथेच डाग दिसतो असे नाही, हे सिव्हिल इंजिनिअर नेहमी सांगतात. म्हणून टेरेसची पाहणी मेच्या अखेरीस, पाऊस येण्याआधी करावी.

पाहणी संयुक्त असावी. तक्रारदार, वरचा सदनिकाधारक, कमिटीचा एक पदाधिकारी आणि शक्य असल्यास एक स्वतंत्र इंजिनिअर असे सगळे एकाच वेळी जागेवर हजर असावेत, तारखेसह फोटो काढावेत आणि जे दिसले ते तिथेच कागदावर उतरवून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. हा एक कागद पुढे कोणत्याही कार्यालयात दहा अर्जांइतका उपयोगी पडतो. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचाही, म्हणजे तिच्या मजबुतीच्या तपासणीचाही, विचार करा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांतून एकदा ऑडिट करून घ्यायचे असते.

बिलावरचा वाद आकडे मांडून सोडवा

मेंटेनन्सबाबतची तक्रार 'फार जास्त घेतात' अशी कधीच लिहू नये. बिलाचे रकाने वेगळे करा आणि प्रत्येक रकान्याचा आधार शोधा. सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च समान वाटायचा असतो. पाणीपट्टी सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार यांवर ठरते. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे भविष्यातल्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम, किमान ०.२५ टक्के, असे आदर्श उपविधी सांगतात, आणि त्यात जमिनीची किंमत धरायची नसते. म्हणजे मोठ्या सदनिकेला हे दोन रकाने जास्त येणे बरोबर आहे, पण वॉचमनचा रकाना जास्त येणे बरोबर नाही.

व्याजाच्या रकान्यात चुका सर्वांत जास्त आढळतात. २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के दराने व्याज घेण्याची मुभा आहे आणि ते सरळव्याज आहे. नेमका दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो. वर्षभर तशीच राहिलेल्या २४,००० रुपयांच्या थकबाकीवर या दराने ५,०४० रुपये होतात. पण अनेक ठिकाणी संगणकातला हिशेब दरमहा मागचे व्याज मुद्दलात मिळवून पुढचे काढतो, आणि मग त्याच थकबाकीवर साडेपाच हजारांहून अधिक व्याज लागते. कमिटीचा यात नेहमी वाईट हेतू असतो असे नाही, सुरुवातीला कोणीतरी केलेली मांडणी कोणी तपासलेलीच नसते. तुमच्या खात्याचा उतारा मागून हा एक हिशेब स्वतः करून पाहा.

भाडेकरू ठेवला म्हणून लागणारे बिनभोगवटा शुल्क म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस हेही भांडणाचे जुने कारण आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क महिना १,५०० रुपये असेल तर बिनभोगवटा शुल्क १५० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही, मग भाडे कितीही असो. सदनिकेत आईवडील, मुले किंवा विवाहित मुलगी राहत असेल तर ते लावताच येत नाही. सदनिका विकताना संस्थेला द्यायचा हस्तांतरण अधिमूल्याचा आकडाही शासनाने बांधून दिलेला आहे. महानगरपालिका क्षेत्रात, म्हणजे नाशिक शहरातही, तो जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. त्यावर 'देणगी' किंवा 'विकास निधी' या नावाने सक्तीने रक्कम मागितली जात असेल, तर ती मागणी लेखी घ्या. लेखी द्यायचे म्हटले की ती मागणी बहुधा आपोआप मागे पडते.

पार्किंगबद्दल थोडक्यात. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली गाड्यांची जागा, स्वतंत्र सदनिकेसारखे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. वाटपाचे नियम सर्वसाधारण सभेने ठरवायचे असतात, आणि जागा कमी व इच्छुक जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप करायचे असते. ज्यांनी बिल्डरला पैसे मोजले आहेत त्यांची नाराजी खरी आहे, पण त्यांचा दावा बिल्डरवर चालतो, शेजाऱ्यावर नाही.

तक्रार लेखी द्या, आणि एका अर्जात एकच विषय घ्या

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे तक्रार नव्हे. उपविधींमध्ये सभासदांच्या तक्रारींच्या निवारणासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. लेखी तक्रार आली की ती कमिटीच्या लगतच्या सभेत विचारात घ्यावी लागते आणि झालेला निर्णय त्यानंतर १५ दिवसांत सभासदाला कळवावा लागतो. हा घटनाक्रम सुरू व्हायचा असेल तर अर्जावर तारीख आणि पोच हवी. अर्जाचा मजकूर साधारण असा असावा:

"मा. सचिव यांस, विषय: सदनिका क्रमांक अमुक मधील पश्चिमेकडील भिंतीस येणारी ओल. महोदय, वरील भिंतीस जून महिन्यापासून ओल येत असून दिनांकासह फोटो सोबत जोडले आहेत. वरच्या सदनिकेतील बाथरूमची तपासणी अमुक तारखेस सर्वांच्या उपस्थितीत झाली असून त्यात गळती आढळलेली नाही. पाहणीचा कागद सोबत आहे. सबब ही गळती बाह्य भिंतीतून होत असल्याने उपविधीनुसार संस्थेने तिची दुरुस्ती करावी आणि हा विषय कमिटीच्या येत्या सभेत घेऊन झालेला निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती."

या अर्जात आधीच्या सेक्रेटरींनी काय केले, कोण कोणाचा नातेवाईक आहे, मागच्या गणपतीत काय झाले यांपैकी काहीही नाही. वस्तुस्थिती, पुरावा, नियम आणि मागणी एवढेच आहे. सचिव अर्ज घेत नसतील तर तो पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि संस्थेच्या ईमेलवर पाठवावा. मेंटेनन्स, पार्किंग आणि ओल या तीन तक्रारी असतील तर तीन अर्ज द्यावेत, कारण एकत्र दिल्यास कमिटी सोप्या विषयाचे उत्तर देते आणि बाकीचे तसेच राहतात, शिवाय या तिन्हींवर निर्णय देणारे अधिकारी वेगळे असू शकतात.

कागदपत्रे पाहणे हा सभासदाचा हक्क आहे, कमिटीची मेहेरबानी नव्हे. कलम १५४ब-८ नुसार उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी सभासदाला संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात आणि शुल्क भरून त्यांच्या प्रती मिळतात. माहिती अधिकाराचा अर्ज थेट सोसायटीकडे करण्याचा प्रयत्न अनेकजण करतात. सर्वसाधारण सहकारी संस्था त्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. पण संस्थेने निबंधकांच्या कार्यालयात सादर केलेले कागद त्या कार्यालयाकडून माहिती अधिकारात मागता येतात.

कमिटीने दाद दिली नाही तर पुढे कुठे जायचे

इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो. गळतीची तक्रार घेऊन उपनिबंधकांच्या कार्यालयात खेटे घालणारे सभासद आणि कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात म्हणून थेट वकिलाकडे गेलेले सभासद, दोन्ही मला भेटतात. उपविधींनी कोणता विषय कोणाकडे न्यायचा ते विभागून दिले आहे. कागदपत्रांच्या प्रती न देणे, दप्तर न ठेवणे, शेअर सर्टिफिकेट न देणे, सभासदत्व नाकारणे, जास्तीचे अधिमूल्य किंवा बिनभोगवटा शुल्क मागणे, वार्षिक सभा न घेणे, लेखापरीक्षण न करणे, निधीचा अपहार हे विषय निबंधकांचे आहेत. त्यासाठी आधी आपल्या भागाच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात जावे.

दुरुस्ती, गळती, पार्किंग, अपुरे किंवा असमान पाणी, कमिटीचे आणि सर्वसाधारण सभेचे ठराव, संस्थेने सभासदाकडून केलेली जादा वसुली हे वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. दोन सभासदांमधला संस्थेच्या कारभाराशी संबंधित वादही तिथे नेता येतो, म्हणून वरच्या सदनिकाधारकाने दुरुस्ती करून देण्यास साफ नकार दिला तर त्याला आणि संस्थेला दोघांनाही पक्षकार करता येते. तातडीची गरज असेल तर अंतरिम आदेश मागता येतो. निवडणुकीबाबतचा वाद मात्र दोन महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. 'आधी समजुतीने पाहू' म्हणत ही मुदत घालवलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्यासाठी मग काहीच करता येत नाही.

अनधिकृत बांधकाम, वापरातला बदल किंवा इमारतीच्या मजबुतीचा धोका असेल तर नाशिक महानगरपालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात तक्रार द्यावी. धमकी, मारहाण किंवा सदनिकेच्या गैरवापराचा उपद्रव हे पोलिसांचे काम आहे. बिल्डरने करारातील गोष्टी दिल्या नसतील, तर तो वाद कमिटीशी घालण्यात अर्थ नाही. प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदलेला असेल तर ताब्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या बांधकामातील दोषांची दुरुस्ती बिल्डरकडे मागता येते, आणि ती मागणी संस्था व सभासद यांनी मिळून केली तर तिला वजन येते.

न्यायालयाआधीचा एक मार्ग मात्र फार कमी वापरला जातो, तो म्हणजे विशेष सर्वसाधारण सभेची मागणी. एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासदांनी सह्या करून लेखी मागणी केली, तर कमिटीला एका महिन्यात ही सभा बोलवावी लागते. वीस सदनिकांच्या इमारतीत चार सह्या पुरतात. कमिटी टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा विषय तीन पावसाळे पुढे ढकलत असेल, तर त्या एकाच विषयावर सभा मागा, दोन-तीन कंत्राटदारांची कोटेशन सोबत घेऊन जा आणि ठराव मांडा. चार घरांत जाऊन सह्या मागताना शेजाऱ्यांशी जे बोलणे होते, त्यातच पुष्कळदा हे उघड होते की ओल फक्त आपल्याच भिंतीला नाही.

तडजोड झाली, आणि ती व्हावी असेच मला प्रत्येक प्रकरणात वाटते, तर ती हात मिळवून सोडून देऊ नये. कोणते काम, कोणत्या कोटेशनप्रमाणे, कोणाच्या खर्चाने, कोणत्या तारखेपर्यंत आणि वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची, हे कमिटीच्या सभेत ठराव करून इतिवृत्तात नोंदवावे आणि त्याची प्रत दोन्ही सदनिकाधारकांना द्यावी. प्रकरण सहकार न्यायालयात असताना समझोता झाला तर तो लेखी करून न्यायालयात दाखल करावा, म्हणजे त्यावर आदेश होतो आणि कमिटी बदलली तरी तो नव्या कमिटीवर बंधनकारक राहतो. निकाल विरोधात गेला तर सहकार अपील न्यायालयात जाण्यासाठी दोन महिन्यांची मुदत असते. निकालाची प्रमाणित प्रत मिळायला वेळ लागतो, म्हणून तिच्यासाठीचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा.